आखातातील दिनक्रम आणि सोरायसिस: औषधाला सवयींची साथ का हवी?

मुंबई, पुणे किंवा गोव्याहून दुबई-शारजाला परतणाऱ्या मराठी कुटुंबाच्या सामानात गोडा मसाला, कुळथाचे पीठ आणि कोकमाच्या पाकिटांबरोबर मलमाच्या दोन-चार ट्यूबही असतात. त्यांतील काही सोरायसिससाठी असतात. गावाकडच्या औषधाच्या दुकानातून, बहुधा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, वर्षभराची बेगमी म्हणून त्या घेतलेल्या असतात. मलम लावले की चट्टे आठवडाभरात फिके पडतात. थांबवले की काही दिवसांत पुन्हा उठतात, कधी पूर्वीपेक्षा अधिक जोमाने. मग दोष कधी इथल्या पाण्याला, कधी वांग्याला, कधी मासळीला, तर कधी नशिबाला दिला जातो.

या आजाराविषयी दोन टोकाच्या समजुती आढळतात. एका समजुतीनुसार सगळे औषधावर अवलंबून असते, रुग्णाने स्वतः करण्यासारखे काही नसते. दुसरीनुसार खाणेपिणे सुधारले की आजार मुळापासून जातो, औषधाची गरजच उरत नाही. वैद्यकीय पुरावा या दोन्ही टोकांपासून दूर आहे. सवयी बदलून सोरायसिस कायमचा बरा होत नाही. मात्र घेतलेले औषध किती लागू पडेल आणि आजार किती वेळा उसळेल, यावर सवयींचा प्रभाव मोठा असतो. संयुक्त अरब अमिरातीतील नोकरदार जीवनात या सवयी कशा घडतात आणि उपचार नेमका कुठे तुटतो, हे त्यामुळे समजून घेण्यासारखे आहे.

आजाराचे स्वरूप

सोरायसिस हा त्वचेवर दिसणारा, पण रोगप्रतिकारक यंत्रणेत उगम असलेला दीर्घकालीन आजार आहे. निरोगी त्वचेच्या पेशी तयार होऊन वर येण्यास आणि झडण्यास साधारण एक महिना लागतो. सोरायसिसमध्ये हीच प्रक्रिया काही दिवसांत उरकते. अपरिपक्व पेशींचे थर एकमेकांवर साचतात आणि कोपर, गुडघे, कंबर, डोक्याची त्वचा येथे जाड, खवलेदार चट्टे उठतात. पाश्चात्त्य पुस्तकांत ते लालभडक दाखवलेले असतात. सावळ्या भारतीय त्वचेवर ते जांभळट किंवा तपकिरी दिसतात, त्यामुळे अनेकदा नायटा किंवा इसब समजून उपचार होतात आणि निदान लांबते. चट्टा बरा झाल्यावरही त्या जागी काळसर किंवा फिकट डाग काही महिने राहतो. तो आजार शिल्लक असल्याचा पुरावा नव्हे.

भारतातील विविध अभ्यासांत प्रौढांमधील सोरायसिसचे प्रमाण ०.४४ ते २.८ टक्क्यांच्या दरम्यान आढळले आहे. आनुवंशिकता हा त्याचा पाया आहे. घशाचा जिवाणुसंसर्ग, त्वचेवरील जखम, लिथियमसारखी काही औषधे, मानसिक ताण, तंबाखू आणि वाढलेले वजन ही त्याला चेतवणारी कारणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य राष्ट्रांनी २०१४ साली ठराव करून सोरायसिसला गंभीर असंसर्गजन्य आजार म्हणून मान्यता दिली आणि २०१६ साली संघटनेने त्यावर जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. ‘असंसर्गजन्य’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा इमारतीच्या जलतरण तलावात एकत्र पोहल्याने हा आजार पसरत नाही. तरीही हळदीकुंकवाला किंवा मंडळाच्या गणेशोत्सवात मोदक वळायला बसलेल्या स्त्रीच्या हाताकडे लोकांच्या नजरा वळतात. आयुर्वेदात ‘कुष्ठ’ या संज्ञेत त्वचेचे अनेक विकार मोडत; आजच्या मराठीत तो शब्द महारोगापुरता उरला आणि त्याची भीती मात्र प्रत्येक चट्ट्याला चिकटली.

वजनाचा औषधाशी संबंध

सवयींपैकी सर्वांत भक्कम पुरावा वजनाविषयी आहे. शरीरातील जादा चरबी ही नुसती साठवण नसते. ती दाह वाढवणारी रसायने सतत स्रवत असते, आणि सोरायसिसमध्ये हाच दाह आधीपासून वाढलेला असतो. त्यात औषधाच्या मात्रेचा प्रश्न मिसळतो. अनेक आधुनिक इंजेक्शने सर्वांना एकाच मात्रेत दिली जातात, त्यामुळे वजनदार शरीरात त्यांचा प्रभाव उणावू शकतो. युस्टेकिनुमॅब हे औषध १०० किलोंपेक्षा अधिक वजनाच्या रुग्णाला दुप्पट मात्रेत द्यावे लागते, यावरून हे नाते स्पष्ट व्हावे.

इटलीतील दोन चाचण्या याबाबत उद्बोधक आहेत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६१ स्थूल रुग्णांना सायक्लोस्पोरिन कमी मात्रेत दिले गेले. ज्यांनी त्याबरोबर कमी उष्मांकांचा आहार घेतला, त्यांच्यापैकी सुमारे ६७ टक्के रुग्णांचा आजार तीन चतुर्थांशाने किंवा त्याहून अधिक कमी झाला. केवळ औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण २९ टक्के होते. २०१४ सालच्या दुसऱ्या चाचणीत ३०३ अतिवजनी रुग्ण होते. आहारनियंत्रण आणि व्यायाम करणाऱ्या गटात वीस आठवड्यांनी आजाराची तीव्रता ४८ टक्क्यांनी उतरली, तर केवळ माहिती मिळालेल्या गटात सुमारे २५ टक्क्यांनी. या रुग्णांनी काही चमत्कारिक वजनघट केली नव्हती. पाच ते दहा टक्के, म्हणजे ८५ किलोंच्या माणसाने चार ते साडेआठ किलो कमी करणे, हे साधारण उद्दिष्ट असते.

अमिरातीत हेच उद्दिष्ट अवघड होते. शारजात घर आणि दुबईत कार्यालय असलेल्यांचे रोजचे दोन-तीन तास वाहतुकीत जातात, उन्हाळ्याचे चार महिने बाहेर चालणे अशक्य होते, जेवण रात्री दहानंतर होते आणि मध्यरात्रीपर्यंत बिर्याणी दारात येते. दिवसभरात चार-पाच करक चहा म्हणजे आटीव दूध आणि साखर यांचा एक वेगळा फराळच. इथल्या स्थलांतरितांच्या आरोग्य पाहणीत निम्म्याहून अधिक प्रौढ अतिवजनी किंवा स्थूल आढळले, यात नवल नाही. त्यावर इथेच उपायही आहेत: उन्हाळ्यात मॉलमधील चालणे, इमारतीतील व्यायामशाळा, हिवाळ्यात कॉर्निश किंवा उद्यानातील फेरी. २०१७ पासून दुबईत दरवर्षी तीस दिवस, रोज तीस मिनिटे व्यायामाचा सार्वजनिक उपक्रम होतो. तो जागतिक सोरायसिस दिनाच्या, म्हणजे २९ ऑक्टोबरच्या, आसपासच येतो. सुरुवात करण्यास तो काळ सोयीचा आहे.

पथ्य: समजुती आणि पुरावा

वांगे, दही, आंबवलेले पदार्थ, मासे, उडीद अशी वर्ज्य पदार्थांची यादी अनेक मराठी घरांत रुग्णाच्या हाती दिली जाते. हे पदार्थ सर्व रुग्णांनी टाळावेत, असे सांगणारा भरवशाचा पुरावा नाही. एखाद्याला विशिष्ट पदार्थाने त्रास होतो असे वारंवार जाणवले, तर त्याने तो टाळण्यास हरकत नाही. पण ताटातून एकेक पदार्थ वजा करत गेल्यास पोषण घटते आणि आजार तिथेच राहतो. ग्लुटेनचेही तसेच. अमेरिकेतील नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या २०१८ सालच्या आहारविषयक शिफारशींनुसार ज्यांच्या रक्तचाचणीत ग्लुटेन-संवेदनशीलता दिसते, त्यांनीच गव्हाशिवायचा आहार करून पाहावा. त्याच शिफारशींत अतिवजनी रुग्णांनी कमी उष्मांकांचा आहार घ्यावा, हा मुद्दा मात्र ठळक आहे.

फ्रान्समधील ३५ हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत भूमध्यसागरी पद्धतीचा आहार अधिक काटेकोरपणे घेणाऱ्यांत तीव्र सोरायसिस कमी आढळला. हा केवळ संबंध आहे, कारण म्हणून सिद्ध झालेला नाही. पण त्या आहाराचे सार भाज्या, कडधान्ये, मासे, फळे आणि माफक तेल एवढेच आहे. ज्वारी-नाचणीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी आणि कालवणातला बांगडा हे जेवण त्याहून फार लांब नाही. भाकरीचे पीठ इथल्या बहुतेक भारतीय दुकानांत मिळते आणि देऱ्याच्या बाजारात ताजी मासळीही. अडचण वेळेची असते.

उपवासाचा प्रश्नही इथे वेगळ्या रीतीने येतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री निरीक्षणात्मक अभ्यासात रमजानचे रोजे पाळणाऱ्या मध्यम ते तीव्र सोरायसिसच्या रुग्णांमध्ये महिनाअखेर आजाराची तीव्रता काहीशी उतरलेली आढळली. मात्र अशा अभ्यासावरून उपवासाला उपचार म्हणता येत नाही. रत्नागिरी-रायगडातून आलेल्या कोकणी मुस्लिम कुटुंबांतील रुग्णांनी रोजे धरण्यापूर्वी औषधाच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. सायक्लोस्पोरिनचा भार मूत्रपिंडांवर पडतो, त्यामुळे ते घेणाऱ्यांसाठी दिवसभर पाण्याविना राहणे हा विशेष विचाराचा मुद्दा आहे. एकादशी-चतुर्थीच्या उपवासाचे गणित निराळे: दाण्याचे कूट आणि तुपासह साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यास उष्मांक घटण्याऐवजी वाढण्याचीच शक्यता अधिक.

शिशा, सिगारेट आणि मद्य

धूम्रपान करणाऱ्यांत सोरायसिस होण्याची शक्यता अधिक असते, आणि सिगारेटींच्या संख्येबरोबर ती वाढते. तळहात-तळपायांवर पूयुक्त पुटकुळ्या उठणाऱ्या प्रकाराशी तर तंबाखूचे नाते फार घट्ट आहे. आधुनिक औषधांचा परिणामही धूम्रपान करणाऱ्यांत कमी दिसू शकतो. आखातात या सवयीला शिशाचे सौम्य, सुगंधी रूप मिळते. सिगारेट न ओढणारेही आठवडाअखेरच्या रात्री मित्रांसोबत शिशा घेतात आणि पाण्यातून आलेला धूर निरुपद्रवी मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००५ सालीच इशारा दिला होता की शिशाच्या एका बैठकीत शंभर किंवा अधिक सिगारेटींइतका धूर छातीत जाऊ शकतो.

मद्याचा प्रश्न दुहेरी आहे. अतिसेवनाने आजार चिघळतो, उपचार नियमित राहत नाहीत. शिवाय मेथोट्रेक्सेट या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या गोळीचा यकृतावर परिणाम होतो, त्यात मद्याची भर धोकादायक ठरते. मेथोट्रेक्सेटविषयी आणखी एक गोष्ट घरातील सर्वांना ठाऊक असावी: सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घेतली जाते. चुकून रोज घेतल्यास ती जिवावर बेतू शकते. गोळीचा वार ठरवून तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवणे हा साधा, पण प्राण वाचवणारा उपाय आहे. मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या जोडप्यांनी हे औषध सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांना तसे सांगावे. गर्भारपणात ते चालत नाही.

ऊन, घाम, एसी आणि टाकीचे पाणी

सूर्यप्रकाशातील अतिनील-बी किरणे सोरायसिसवर उपकारक असतात. रुग्णालयांतील ३११ नॅनोमीटरची प्रकाशचिकित्सा याच तत्त्वावर चालते. मग वर्षभर ऊन असलेल्या देशात हा आजार आपोआप आटोक्यात का राहत नाही? कारण इथला नोकरदार उन्हात नसतोच. घर, गाडी, कार्यालय, मॉल हा प्रवास काचेआडून होतो आणि खिडकीची काच नेमकी हीच किरणे अडवते. उलट टोकाला बांधकामाच्या जागेवर काम करणारे अभियंते आणि पर्यवेक्षक असतात. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरील कामाला बंदी असते, तरी उरलेल्या वेळचे ऊन त्वचा पोळण्यास पुरेसे असते. पोळलेल्या त्वचेवर नवे चट्टे उठतात. उन्हाचा उपयोग करायचाच, तर हिवाळ्यातील सकाळी, थोडा वेळ आणि डॉक्टरांना विचारून.

जिथे त्वचा घासली किंवा खरचटली जाते तिथे सोरायसिस उमटतो, हे १९व्या शतकात हाइनरिश कोबनर या जर्मन वैद्याने नोंदवले. घट्ट पट्टा, हेल्मेटची कड, घड्याळाचा पट्टा, परकराच्या नाडीचा काच या सगळ्या त्याच्या जागा आहेत. ऑगस्टच्या दमट हवेत काखा, जांघा, स्तनांखालच्या घड्यांत घाम साचून चट्टे ओलसर होतात. तेथे सैल सुती कपडे आणि कोरडी त्वचा आवश्यक. दिवसभर एसीत त्वचा कोरडी पडते ती वेगळीच. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन, साधे मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल लावणे ही उपचाराची पहिली पायरी आहे, केवळ सौंदर्याची निगा नव्हे. उन्हाळ्यात गच्चीवरील टाकीमुळे नळाला कढत पाणी येते आणि कढत पाणी त्वचा अधिकच शुष्क करते. इथले जुने रहिवासी उन्हाळ्यात घरातील गीझर बंद ठेवून त्यातले पाणी वापरतात, कारण ते घराच्या तापमानाला आलेले असते. सोरायसिसच्या रुग्णाने ही युक्ती जरूर अवलंबावी.

सामानातले मलम

भारतातून येणाऱ्या मलमांत अनेकदा तीव्र स्टेरॉइड असते, कधी त्यासोबत बुरशीनाशक आणि प्रतिजैविकही मिसळलेले असते. स्टेरॉइड मलम हे सोरायसिसवरील उत्तम औषध आहे. मात्र कोणती तीव्रता, कोणत्या जागी, किती दिवस, हे ठरलेले हवे. चेहऱ्यावर किंवा जांघेत महिनोन्महिने लावल्यास त्वचा कागदासारखी पातळ होते. त्याहून धोकादायक म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा ‘शंभर टक्के वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, पण आत स्टेरॉइड दडलेल्या पुड्या. त्या अचानक बंद केल्यास अंगभर पूयुक्त पुटकुळ्या उठू शकतात किंवा सर्वांग लाल होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागते. ज्या पुडीवर घटक छापलेले नाहीत, ती न घेणेच बरे. अमिरातीत औषधे आणताना डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी, आणि नियंत्रित यादीतील औषधांसाठी सरकारी पूर्वपरवानगी घ्यावी. बायोलॉजिक इंजेक्शने २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. जुलैत उभ्या गाडीत ती अर्धा तासही विसरू नयेत.

नोकरी, विमा आणि तुटणारा उपचार

मानसिक ताणाने आजार उसळतो, असे बहुसंख्य रुग्ण सांगतात. आणि अंगावरचे चट्टे स्वतःच ताण वाढवतात. अमिरातीत निवासाचा परवाना, घरभाडे, मुलांची शाळा आणि आरोग्यविमा हे सारे बहुतेकांच्या बाबतीत एकाच नोकरीला बांधलेले असते. नोकरी सुटली की विमाही संपतो आणि उपचार नेमका ताणाच्या काळात थांबतो. बायोलॉजिक औषधात मोठा खंड पडल्यास ते पुन्हा सुरू करताना पूर्वीइतके लागू पडेलच असे नाही. म्हणून नोकरी बदलण्यापूर्वी निदान, आजवरची औषधे, मात्रा आणि चाचण्यांचा सारांश डॉक्टरांकडून लेखी घ्यावा. नव्या विम्याच्या अर्जात आजार लपवू नये. लपवलेला आजार पुढे दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो. महागड्या औषधांना पूर्वमंजुरी लागते आणि ती देताना आधी कोणते उपचार झाले, हेच विचारले जाते. तेव्हाही हा सारांश उपयोगी पडतो.

भारतीय रुग्णांसाठी क्षयरोगाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. आपल्यापैकी अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्त असतात आणि काही बायोलॉजिक औषधांमुळे ते जागे होऊ शकतात. व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत छातीचा एक्स-रे निर्दोष आला म्हणजे सुप्त क्षय नाही, असे होत नाही; त्यासाठी त्वचेची किंवा रक्ताची वेगळी चाचणी लागते. ती टाळू नये.

सोरायसिस त्वचेवर थांबेलच असे नाही. जवळपास तीस टक्के रुग्णांत पुढे सांध्यांचा दाह होऊ शकतो. सकाळी अर्ध्या तासाहून अधिक टिकणारा आखडलेपणा, पूर्ण बोट सुजणे, टाच दुखणे, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे दिसणे या खुणा संगणकावरील कामाच्या नावावर खपवू नयेत. उशीर झाल्यास सांध्यांची झीज भरून येत नाही. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांची वार्षिक तपासणीही याच आजाराच्या देखभालीचा भाग समजावी, आणि सतत उदास वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे.

हे सारे वाचून एखाद्या रुग्णाला आपल्याच चुकीने आजार झाला असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. कधीही सिगारेट न ओढलेल्या, सडपातळ, नियमित व्यायाम करणाऱ्या माणसालाही सोरायसिस होतो. त्यामुळे घरच्यांनी ‘तू पथ्य पाळत नाहीस’ हा ठपका ठेवण्याऐवजी रात्रीचे जेवण सर्वांसाठीच लवकर आणि हलके केले, तर त्याचा उपयोग अधिक होईल. पुढच्या सुट्टीत गावाहून ट्यूब आणण्यापूर्वी इथल्या त्वचारोगतज्ज्ञाची एक भेट ठरवावी, आणि जाताना घरातले प्रत्येक मलम, गोळी, पुडी पिशवीत घालून न्यावी. आजवर काय काय वापरले हे डॉक्टरांसमोर मोकळेपणी मांडले, तरच पुढच्या उपचाराची दिशा नीट ठरवता येते.